निंबा मिस्त्री आणि चौथं नोझल

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी नाक मुरडायला नको. आमची ताईबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुमच्यापेक्षा गाडी बरी. ती चावी फिरवल्याशिवाय तरी तापत नाही." मी चिंधा. अमळनेरजवळच्या आमच्या गावातल्या लोटन नानांच्या गाडीवर मी वीस वर्षं ड्रायव्हर होतो. आमची बोली अहिराणी, पण सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत सांगतो. मधे जीभ घसरली तर समजून घ्या.

सांगायचं आहे ते निंबा मिस्त्रीबद्दल. मला तो निंबाभाऊ. धुळ्यात पारोळा रोडला, चौफुलीच्या अलीकडे त्याची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. शेडच्या मागेच दोन खोल्यांचं घर, त्यात तो आणि भागाबाई, दोघंच. बुटका माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, आणि पुढून बोटं लागून लागून टोपी काळी झालेली. बाकीचे मिस्त्री गाडीचं सगळं काम घ्यायचे. निंबाभाऊ फक्त डिझेलचा पंप आणि नोझल, एवढंच. पण जाम झालेलं नोझल काढावं तर निंबा मिस्त्रीनं, हे शिरपूरपासून जळगावपर्यंत कोणालाही विचारा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डिझेलच्या इंजिनात डिझेलचा फवारा मारायला वीतभर लांबीची लोखंडी नळी असते, तिला आम्ही नोझल म्हणतो. चार सिलिंडरला चार नोझल. इंजिनाच्या वरच्या हेडमध्ये ती घट्ट बसवलेली असतात. खाली आग, वर धूळ आणि पाणी. वर्षानुवर्षं काढली नाहीत तर अशी धरून बसतात की काही विचारू नका. रागानं ओढायला जावं तर नोझल अर्धं हातात आणि अर्धं आत. मग ते हेडच गेलं म्हणायचं.

निंबाभाऊ जातीचा सुतार. त्याचा बाप फागण्याला बैलगाड्या करायचा. पुढे गावोगाव ट्रॅक्टर आले, लाकडी चाकाच्या गाड्या कोणी करायला सांगेना, तेव्हा सोळाव्या वर्षी निंबाभाऊ धुळ्याला येऊन मिस्त्री झाला. पण हात सुताराचाच राहिला. लोखंडाच्या हातोडीला तो शिवायचा नाही. त्याच्याकडे बापाची लाकडी मोगरी होती. नोझल उपटायला त्यानं बाभळीच्या जाड फळीचा एक पूल केला होता. ती फळी नोझलवर आडवी ठेवायची, तिच्या भोकातून एक लांब बोल्ट नोझलच्या आट्यात बसवायचा, आणि वरून नट आवळत जायचं. नट एकेक आटा फिरला की नोझल केसाएवढं वर यायचं. लोखंडाचा पूल का नाही करत, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाला, "जोर जास्त झाला की लाकूड आधी कुरकुरतं. मग मी थांबतो."

आणि थांबायचा म्हणजे काय! एक आटा फिरवायचा की खाली बसायचा. घासलेटाचे चार थेंब सोडायचे की बसायचा. माझं तर रक्त आटायचं. एकदा मी म्हणालो, "निंबाभाऊ, तेवढ्या वेळात पोरगं जन्माला येऊन शाळेत गेलं असतं." तो वर न बघता म्हणाला, "मग तू त्याला शाळेत सोडून ये. तोवर निघतं हे."

नानांची गाडी म्हणजे डिझेलची अँबॅसिडर, पांढरी. शहाऐंशी साली तिची चारही नोझल निंबाभाऊनं बदलली होती. त्यानंतर सहा वर्षं गाडी अशी चालली की बॉनेट उघडायचं कारणच पडलं नाही. नाना जिथे तिथे सांगायचे, "निंबानं हात लावला म्हणजे बघायला नको."

ब्याण्णव सालची संक्रांत झाली आणि गाडीनं अंग टाकलं. सकाळी थंडीत चालू होईना. चालू झाली तर खडखड करायची, मागून काळाकुट्ट धूर. नोझलची टोकं झिजली होती, दुसरं काही नाही. सहा वर्षांत झिजणारच. काढायची, नवी टोकं बसवायची, झालं. मी गाडी अमळनेरला एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं दोन दिवस पान्यानं हिसके दिले, हातोडी मारून बघितली. चारातलं एक नोझल जागचं हललं असेल तर शपथ. शेवटी त्यानं हात टेकले आणि वर तोंड करून म्हणाला, "डिझेलमध्ये घासलेट पडलंय. त्यानं आत जळून चिकटलंय सगळं."

हे ऐकायला नेमका भाईदास तिथे होता. भाईदास म्हणजे नानांचा पुतण्या, जळगावला कॉलेजात होता, सुट्टीला आला की सगळ्यात नाक खुपसायचा. त्यानं घरी जाऊन नानांना सांगितलं. घासलेट गाडीत आपोआप पडत नाही. ड्रायव्हर डिझेल काढून विकतो आणि टाकी घासलेटानं भरतो, हा धंदा तेव्हा चालायचा, सगळ्यांना माहीत होता. म्हणजे मी चोर.

नानांनी मला ओट्यावर बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. ते शांतपणे म्हणाले, "चिंधा, खरं काय ते सांग. मी कोणाला सांगणार नाही. फक्त उद्यापासून येऊ नको."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. वीस वर्षं! या माणसाच्या तीन पोरींना मी सासरी पोचवलं. नानांची आई गेली तेव्हा त्यांना आधार द्यायला खांदा माझा होता. मी म्हणालो, "नाना, डिझेलचा एक थेंब जरी काढला असेल तर माझे हात झडोत." भाईदास मागून म्हणाला, "चोर असंच म्हणतात." मी त्याच्या अंगावर धावलो, दोघांनी मला धरलं, आणि अर्थातच सगळ्यांना वाटलं की याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे. माझ्या रागानं माझं भलं कधी केलंच नाही.

शेवटी मीच म्हणालो, "गाडी निंबा मिस्त्रीकडे न्या. तो नोझल काढील आणि बघून सांगील. तो घासलेट म्हणाला तर मी धुळ्याहूनच परस्पर निघून जातो, गावात तोंड दाखवणार नाही." नाना म्हणाले, "बरं. निंबा म्हणेल ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. मी, नाना आणि भाईदास. नवलनगरच्या पुढे गाडी तीन सिलिंडरवर कण्हत होती आणि आत आम्ही तिघं मूग गिळून बसलेलो. ताईबाईनं निघताना डबा दिला, तो मी उघडलाही नाही.

नऊ वाजता शेडमध्ये पोचलो. दोन ट्रकवाले आधीपासून बसले होते. नानांनी निंबाभाऊला सगळं सांगितलं, माझ्यासमोरच, त्या ट्रकवाल्यांसमोरच. निंबाभाऊ ऐकत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चिंधा, बॉनेट खोल."

नवी टोकं आणि तांब्याचे वायसर नानांनी जळगावहून आधीच मागवले होते, ते त्यानं स्वच्छ कापडावर मांडले. मग कामाला लागला. आधी इंजिन कोमट करून घेतलं. डिझेलच्या नळ्या सोडवल्या. पहिल्या नोझलचे नट काढले, भोवती घासलेट आणि तेलाचं मिश्रण सोडलं, आणि बसला. मोगरीनं वरून हळू टकटक केलं, आणि बसला. पाना लावून केसाएवढं उजवीकडे, केसाएवढं डावीकडे. बसला. भाईदास घड्याळ बघत होता. मी जळत होतो. मला एकच कळत होतं, की त्या नोझलच्या अंगावर काय निघतं यावर मी ड्रायव्हर म्हणून घरी जातो की चोर म्हणून, ते ठरणार होतं.

दहाच्या सुमारास बाभळीचा पूल लावून त्यानं पहिलं नोझल वर आणलं. नोझलच्या अंगाभोवती तपकिरी, कडक, चिवट थर होता. खरवडला तरी निघेना. निंबाभाऊनं ते हातात फिरवून बघितलं, फडक्यात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. नाना म्हणाले, "काय?" तो म्हणाला, "सगळी निघू द्या." आत जाऊन पाणी पिऊन आला.

दुसरं निघायला अकरा वाजले. तोच थर. भाईदास म्हणाला, "अजून काय बघायचं राहिलंय?" निंबाभाऊ तिसऱ्या नोझलकडे वळला. तिसरं निघेस्तोवर बारा वाजून गेले. तिसरं त्यानं पहिल्या दोन्हींशेजारी ठेवलं. मग त्यानं टोपी काढली. मी त्याला टोपीशिवाय कधी बघितलं नव्हतं, अर्धं टक्कल होतं.

"नाना, घासलेटाचं काही नाही," तो म्हणाला. "हाई चूक मन्ही शे."

चूक त्याची? सगळे बघतच राहिले. तो सांगू लागला. शहाऐंशी साली ही नोझल बसवताना त्यानं त्यांच्या अंगाला जवसाचं तेल लावलं होतं. उकळलेलं, घट्ट, त्याच्या बापाच्या डब्यातलं. बाप बैलगाडी करून झाली की चाकाला, धुरीला, खिळ्यांनाही तेच तेल लावायचा. पाणी लागत नाही, गंज चढत नाही, गाडी पंधरा वर्षं टिकते. निंबाभाऊला वाटलं, नानांची गाडी रोज धुतली जाते, नोझलच्या खळग्यात पाणी साचतं, गंज नको चढायला.

"सगळ्यांना नाही लावलं," तो म्हणाला. "मोजक्या आठ गाड्यांना. जे घरचे वाटत होते त्यांनाच. जवसाचं तेल वाळलं की कातड्यासारखं होतं, हे मला लहानपणापासून माहीत. लाकडावर तेच तर हवं असतं. पण इंजिनाच्या आगीत ते भाजून असं होईल, हे डोक्यातच आलं नाही. तेल म्हणजे सुटं राहील, एवढंच बघितलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी नानांकडे बघितलं, की आता म्हणतील, चिंधा, चुकलं. पण नाना खुर्चीत मागे टेकले आणि मान हलवली.

"निंबा, मी तुला आजचा ओळखत नाही," ते म्हणाले. "याच्या पोटावर पाय येतोय म्हणून तू आपल्या अंगावर घेतोस. तू याले वाचाडी ऱ्हायना."

घ्या! खरं बोलला तर चांगुलपणा आड आला. निंबाभाऊ म्हणाला, "नाना, घासलेट घातलं असतं तर आधी पंप गेला असता. पंप ठणठणीत आहे." नाना म्हणाले, "ते तू म्हणतोस. पंपातलं मला काय कळतं?" आणि खरंच होतं ते. नाना कापसाच्या शेतीतले, त्यांना काय कळणार!

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "नाना, माझ्यावर भरवसा नाही, याच्यावर नाही, मग इतक्या लांब आलो कशाला? तिथेच झाडाला टांगायचं होतं मला." निंबाभाऊ मला म्हणाला, "चिंधा, बठ." त्या आवाजात असं काही होतं की मी बसलो.

मग तो नानांसमोर उकिडवा बसला. "नाना, तुमच्याकडे बैलगाड्या होत्या. जुन्या गाडीचं वाळलेलं तेल काढायचं तर काय करायचे?"

नाना म्हणाले, "सोडा. उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून ओतायचे."

"घासलेटानं निघायचं?"

"घासलेटानं काय निघतंय? घासून घासून हात जायचे."

"बरोबर. आणि घासलेट जळून धरलेली काजळी घासलेटानंच सुटते. आता तुम्हीच बघा."

त्यानं मागे जाऊन भागाबाईकडे सोडा मागितला. भागाबाई दारात आली. तिनं विचारलं, कशाला? त्यानं हळू आवाजात सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग शेडमध्ये कान टवकारून बसलेल्या ट्रकवाल्यांकडे बघितलं. तिला कळत होतं की ही गोष्ट दोन दिवसांत आख्ख्या आग्रा रोडवर होणार. तिनं सोड्याची अख्खी पुडी आणून दिली आणि चुलीवर पाणी ठेवलं.

दोन डबे घेतले. एकात घासलेट, त्यात पहिलं नोझल. दुसऱ्यात सोड्याचं उकळतं पाणी, त्यात दुसरं. इंजिनात तिन्ही मोकळ्या भोकांना त्यानं लाकडी बुचं मारली, आणि अजून अडकलेल्या चौथ्या नोझलच्या खळग्यात तेच सोड्याचं पाणी ओतलं. "नाना, हे चौथं घासलेटाचं असेल तर सोड्याला दाद देणार नाही. तेलाचं असेल तर निघेल. तुम्ही इथेच बसा."

"नाही निघालं तर?" भाईदासनं विचारलं.

"तर तू म्हणशील ते," निंबाभाऊ म्हणाला.

दुपारभर तेच चाललं. पाणी निवलं की फडक्यानं टिपून घ्यायचं, पुन्हा उकळतं ओतायचं. किटली मी धरत होतो. सोड्यानं त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडली, दोन ठिकाणी फुटली. मी म्हणालो, मी करतो, तर नाही म्हणाला. आणि मला त्या वेळी एक गोष्ट एकदम लक्षात आली. आपण काही केलं नाही हे सिद्ध करायला धडपडणारी माणसं मी ढिगानं बघितली होती, मी स्वतः त्यातलाच एक. चूक आपलीच आहे हे पटवायला इतका जीव काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

तीनच्या सुमारास नाना उठले. स्वतः दोन्ही डब्यांतली नोझल काढली. घासलेटातलं जसंच्या तसं, तपकिरी. सोड्यातलं त्यांनी फडक्यानं पुसलं, तर थर सालीसारखा सुटून फडक्यात आला. खाली पांढरं लखलखीत लोखंड. नानांनी ते फडकं नाकाशी धरलं. शेतकरी माणूस, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांचा वास त्यांच्या नाकात होताच. त्यांनी हुंगलं आणि खाली ठेवलं. चौथं अजून आत होतं.

निंबाभाऊनं पूल लावला. नट फिरवला. फळी कुरकुरली. थांबला. सोड्याचं पाणी पुन्हा एकदा. मोगरीची टकटक. केसाएवढं उजवीकडे. ट्रकवालेही उठून जवळ आले होते. त्यानं नट अर्धा आटा फिरवला आणि आतून बारीक चिरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं मोडलं. मोडलं नव्हतं, सुटलं होतं. चौथं नोझल दोन बोटं वर आलं, मग हातानंच निघालं.

निंबाभाऊनं ते नानांच्या हातात दिलं. "घ्या. माझ्या बापाचं तेल आहे."

नानांनी ते नोझल हुंगून फडक्यावर ठेवलं. मग माझ्याकडे वळले. वय सत्तरच्या पुढे, गावात कोणापुढे मान न वाकवलेला माणूस. म्हणाले, "चिंधा, मी तुला चार माणसांत चोर म्हणालो. चार माणसांतच सांगतो, चुकलो." आणि भाईदासला म्हणाले, "तूही सांग." त्यानं सांगितलं, तोंड पाडून का होईना, पण सांगितलं. मी मोठ्या तोंडानं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं दिवसभर. त्याऐवजी किटली उचलून आत ठेवून आलो.

मग खळगे कोरडे करून, नवी टोकं फवारा बघायच्या हातपंपावर एकेक तपासून, नवे वायसर घालून निंबाभाऊनं चारही नोझल बसवली. या वेळी अंगाला नुसता ग्रीसचा हात. पाच वाजता मी चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली, धूर नाही, खडखड नाही. एक ट्रकवाला मात्र आपला पंप उचलून काही न बोलता निघून गेला. निंबाभाऊनं त्याला जाताना बघितलं.

निघताना निंबाभाऊ नानांना म्हणाला, "अजून सात गाड्या आहेत. त्यांचे मालक आज ना उद्या आपल्या ड्रायव्हरला धरतील. एसटीनं जाऊन सगळी नोझल काढून, साफ करून येतो." नाना म्हणाले, "अवजारं घेऊन एसटीनं कुठे फिरशील? चिंधा, ही गाडी घे, आणि याला सगळीकडे फिरवून आण."

महिनाभर मी त्याला फिरवला. शिरपूर, चोपडा, पारोळा. प्रत्येक ठिकाणी तो टोपी काढून तेच सांगायचा, की माझ्याकडून चूक झाली, आणि पोत्यातून सोडा काढायचा. काही लोक हसले, काहींनी जेवू घातलं. वरणगावला फॅक्टरीतल्या एका माणसानं त्याला अंगणात उभं करून असं झाडलं, असं झाडलं, की मी बाह्या सरसावल्या. निंबाभाऊनं माझा हात धरला. "त्याला बोलू दे," म्हणाला, "त्याची गाडी सहा महिने बंद आहे."

शेवटची गाडी जळगावात, पिंप्राळ्याला, एका मास्तरांची जीप. तिची चार नोझल दुपारपर्यंत काढून, साफ करून, बसवून आम्ही परत निघालो. एरंडोलच्या अलीकडे रस्त्याला एक हातपंप लागला, तिथे हात धुवायला थांबलो. मी पंप हापसत होतो, तो हात चोळत होता. मी मोठ्या खुशीत होतो. म्हणालो, "निंबाभाऊ, तू हरिश्चंद्राचा बाप आहेस. गप्प बसला असतास तर कोणाला कळणार होतं?"

तो हात चोळायचा थांबला.

"मी गप्प बसलो होतो," तो म्हणाला. "पहिलं नोझल निघालं तेव्हाच वास आला होता मला. बापाचं तेल, वासावरून कळणार नाही असं होईल का? कळलं, आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं. मनात म्हटलं, थर कशाचा आला, सांगता येत नाही, असं काहीतरी बोलून टाकू. माझं नाव राहील. दुसरं निघालं तरी गप्प. ते दोन तास तू तिथे चोर म्हणून उभा होतास, आणि तू चोर नाहीस हे माले एकट्याले माहीत व्हतं."

मी पंपाचा दांडा सोडला. खोटं कशाला सांगू, मला राग आला. असा आला की डोळ्यांपुढे लाल झालं. त्या दोन तासांत मी मनात ताईबाईला काय सांगायचं, पोरांना घेऊन कुठल्या गावी जायचं, इथवर पोचलो होतो. आणि या माणसाला माहीत होतं! त्यानं मान खाली घातली नाही. मी मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता, असा उभा होता.

"मग तिसऱ्याला का बोललास?" मी विचारलं.

"तिसऱ्याच्या वेळी तू मला पाणी आणून दिलंस," निंबाभाऊ म्हणाला. "मी मागितलं नव्हतं. तुझ्यावर एवढं आलेलं, आणि तू बघितलंस की याचे ओठ सुकलेत, आणि आतून तांब्या भरून आणलास. ते पाणी मला गिळवेना, चिंधा."

मला तर पाणी दिल्याचं आठवतही नव्हतं. मी कितीतरी वेळ आठवून बघितलं. मग पुन्हा दांडा धरला आणि म्हणालो, "धू हात, राहिलेत अजून," आणि हापसता हापसता मला रडू आलं. ताईबाईला हे मी अजून सांगितलेलं नाही.